तुमच्या अ‍ॅपमधला कॅलरीचा आकडा आला कुठून?

आजच्या भागात गड नाही, लढाई नाही, राजाही नाही. आज आहे एक आकडा. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या फोनमध्ये तो आत्ता या क्षणी बसलेला असेल.

समजा, एका मुलीने वजन कमी करायचं ठरवलंय. आठवड्यातून पाच दिवस व्यायाम सुरू केलाय, कधी जिम, कधी सकाळी टेकडी. फोनमध्ये एक अ‍ॅप घेतलं. अ‍ॅपने चार प्रश्न विचारले. तिने भरलं: वय २६, उंची १५७ सेंटीमीटर, वजन ६२ किलो, व्यायाम 'मध्यम'. सेकंदभरात उत्तर आलं. रोज २,०३१ कॅलरी खाल्ल्यास तर वजन आहे तिथेच राहील. उतरवायचंय? मग १,५३१.

त्यातला शेवटचा 'एक' बघा. दोन हजार एकतीस! तीस नाही, बत्तीस नाही. वाण्याच्या बिलासारखा पक्का हिशोब. आणि मग ती मुलगी खरंच त्या आकड्याच्या मागे लागते. वजन नाही हललं की वाटतं, आपलंच काहीतरी चुकतंय. मग १,५३१ चे १,२०० करते. मग चक्कर, मग केस गळणं, मग एक दिवस सगळं सोडून देणं. हे चक्र तुम्ही आसपास बघितलं असेल.

तर आज आपण या आकड्याची वंशावळ काढणार आहोत. कारण ती बघितली की एक गोष्ट लख्ख दिसते: हा आकडा एका माणसासाठी जन्मालाच आला नव्हता. तो आला होता कारखान्यातल्या मजुरांसाठी, फौजांसाठी, देशातल्या गरिबांसाठी. म्हणजे घोळक्यासाठी. एकेकट्या माणसाला तो नंतर चिकटवला गेला.

सुरुवात पॅरिसमध्ये. १७८२-८३ चा हिवाळा. लाव्हाझिए नावाचा रसायनशास्त्रज्ञ आणि त्याचा गणिती मित्र लाप्लास, या दोघांनी एका गिनीपिगला भांड्यात ठेवलं आणि भोवती बर्फ भरला. प्राण्याच्या अंगच्या उष्णतेने किती बर्फ वितळतो ते मोजलं. मग त्याच्या श्वासातून किती वायू बाहेर पडतो तेही मोजलं आणि जळत्या कोळशाशी ताडून बघितलं. निष्कर्ष असा की श्वास घेणं म्हणजे अगदी मंद जळणंच आहे. पुढे त्याने सेगाँ या सहकाऱ्यावर प्रयोग केले आणि दाखवलं की काम करताना माणूस जास्त ऑक्सिजन वापरतो. व्यायामाने जास्त 'जळतं' हे आपण आज सहज म्हणतो, त्याचं मूळ इथे आहे. १७९४ मध्ये क्रांतीच्या धामधुमीत लाव्हाझिएचं डोकं गिलोटिनखाली गेलं, आणि हे काम बराच काळ मागे पडलं.

'कॅलरी' हा शब्द तर खाण्यापिण्यातला नव्हताच. १८२० च्या आसपास पॅरिसमध्ये निकोला क्लेमाँ हे प्राध्यापक वाफेच्या इंजिनांवर व्याख्यानं द्यायचे, त्यात उष्णता मोजायचं एकक म्हणून तो आला. एक किलो पाणी एक अंशाने तापवायला लागते ती एक कॅलरी. शाळेच्या पुस्तकात आपण 'उष्मांक' वाचला, तो हाच.

आता अमेरिकेत जाऊ. हा खरा मोठा टप्पा आहे, इथे थोडं थांबू या.

विल्बर अ‍ॅटवॉटर, कनेक्टिकट राज्यातल्या वेस्लियन विद्यापीठातले प्राध्यापक. जर्मनीत जाऊन शिकून आले होते. १८९० च्या दशकात त्यांनी एडवर्ड रोझा या भौतिकशास्त्रज्ञाला बरोबर घेऊन एक खोली बांधली. खोली कसली, पेटीच. साधारण सात फूट लांब, चार फूट रुंद, आतून तांब्याच्या पत्र्याची. आत घडीची खाट, खुर्ची, टेबल. जेवण एका छोट्या दुहेरी दाराच्या झरोक्यातून आत जायचं. भोवती पाण्याच्या नळ्या. माणसाच्या अंगातून निघणारी उष्णता ते पाणी वाहून न्यायचं आणि बाहेर बसलेले लोक पाण्याचं तापमान टिपत राहायचे. माणूस आत कित्येक दिवस राहायचा. काही वेळा आत एकाच जागी उभी सायकल ठेवून त्याला तासन्‌तास पेडल मारायला लावायचे. आज जिममध्ये आपण ज्यावर बसतो, तिची पणजी म्हणा.

आत गेलेलं सगळं अन्न मोजलेलं, बाहेर आलेली सगळी उष्णता, घाम, श्वास, मलमूत्र मोजलेलं. आणि हिशोब जुळला! फरक एक टक्क्याच्याही आत. ऊर्जा नाहीशी होत नाही हा भौतिकशास्त्राचा नियम माणसालाही लागू पडतो, हे इथे पक्कं झालं. स्वस्थ बसलेल्या दिवशी दोन-सव्वादोन हजार कॅलरी जायच्या, सायकलवर जीव तोडून काम केलेल्या दिवशी पाच हजारांच्या घरात.

पाकिटावर तुम्ही जे वाचता ते गणितही अ‍ॅटवॉटरचंच. एक ग्रॅम कर्बोदकाच्या ४ कॅलरी, एक ग्रॅम प्रोटीनच्या ४, एक ग्रॅम स्निग्धाच्या ९. मोठा चमचाभर तेल साधारण १४ ग्रॅम असतं. गुणिले ९, झाल्या १२५ च्या आसपास. म्हणजे पोह्यांच्या फोडणीत हात सैल सुटला, तर तेवढ्यात एका पोळीपेक्षा जास्त हिशोब गेला. (दारूच्या ग्रॅमला ७. दारूतूनही शरीराला ऊर्जा मिळते हे अ‍ॅटवॉटरने जाहीर केलं तेव्हा दारूबंदीवाले खवळले होते, पण तो वेगळा भाग होईल.)

पण अ‍ॅटवॉटरला हे सगळं कशासाठी हवं होतं? वजन कमी करायला? छे. त्यांना काळजी होती मजुरांची. मजुरीतला मोठा हिस्सा खाण्यावर जातो, मग कमीत कमी पैशात जास्तीत जास्त कामाची ताकद कशी मिळेल? म्हणून ते सांगायचे, महागडं मांस सोडा, पीठ आणि घेवड्याच्या बिया खा. हिरव्या भाज्या, फळं म्हणजे त्यांच्या लेखी पैशांची उधळपट्टी, कारण त्यात कॅलरी कमी! जीवनसत्त्वांचा पत्ताच नव्हता तेव्हा. थोडक्यात, कॅलरी मोजायला लागलो ती जास्त खाता यावं म्हणून. आपण ती उलटी धरली.

१९०७ मध्ये अ‍ॅटवॉटर गेले. त्यांचा सहकारी फ्रान्सिस बेनेडिक्ट बॉस्टनमध्ये मोठी प्रयोगशाळा चालवू लागला. त्याला एक प्रश्न पडला. एखादा रुग्ण आला, तो पडल्यापडल्या किती ऊर्जा जाळतो हे आपण मोजलं, पण ते जास्त आहे की कमी हे कशावरून ठरवायचं? निरोगी माणसाचं माप हवं. मग त्याने आर्थर हॅरिस या माणसाला जोडीला घेतलं. हा मूळचा वनस्पतिशास्त्रज्ञ, पण संख्याशास्त्रात पक्का. दोघांनी १३६ पुरुष आणि १०३ स्त्रियांच्या मोजमापांवरून १९१९ मध्ये एक सूत्र छापलं. वजन, उंची, वय आणि लिंग टाका, अंथरुणात स्वस्थ पडून राहिल्यावर शरीर दिवसाला किती कॅलरी जाळेल ते मिळेल. यालाच आज आपण बीएमआर म्हणतो.

चार प्रश्न. वजन, उंची, वय, लिंग. ओळखीचे वाटतात ना?

आज बहुतेक अ‍ॅपमध्ये याची सुधारलेली आवृत्ती असते. ती १९९० मध्ये अमेरिकेतल्या ४९८ निरोगी लोकांवरून मिफ्लिन, सेंट जिओर वगैरे मंडळींनी काढली. ती इतकी सोपी आहे की कागदावर करता येते. वजनाला १० ने गुणा, उंचीला सव्वासहाने गुणा, दोन्हींची बेरीज करा, त्यातून वयाची पाचपट वजा करा. पुरुष असाल तर ५ मिळवा, स्त्री असाल तर १६१ वजा करा. आपल्या मुलीसाठी उत्तर येतं १,३१०. जुन्या १९१९ च्या सूत्राने येतं १,४१७. एकाच मुलीचे दोन आकडे, आणि मधे एक पोळी.

आता ही सूत्रं कोणावरून काढली आहेत ते बघा. १९८५ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि तिच्या भावंड संस्थांनी जगासाठी वेगळी सूत्रं स्वीकारली. त्यामागे सात हजारांहून अधिक मोजमापं होती, आणि त्यातली जवळजवळ निम्मी इटालियन लोकांची होती, बरेचसे सैनिक, पोलीस, अंगमेहनतीचे कामगार. या सूत्राने भारतीय माणसाचा आकडा काढला की तो प्रत्यक्ष मोजमापापेक्षा जास्त यायचा. सारख्याच वजनाच्या आणि उंचीच्या दोन माणसांत आपल्याकडच्या माणसात सरासरीने स्नायू कमी आणि चरबी जास्त निघते, आणि बसल्याजागी ऊर्जा खाणारे मुख्य घटक आहेत स्नायू आणि आतले अवयव. म्हणून आपल्या आयसीएमआरच्या तज्ज्ञ समितीने भारतीयांसाठी ही सूत्रं ५ टक्के खाली ओढून वापरली. परदेशी अ‍ॅप हे करत नाही. तुम्ही कुठे राहता हे त्याला लोकेशनवरून कळतं, पण त्याचा उपयोग तो जाहिराती दाखवायला करतो!

बरं, मग हा घोळक्याचा आकडा एकेकट्या माणसाच्या ताटात कधी आला? १९१८ मध्ये. लॉस एंजेलिसच्या डॉक्टर लुलू हंट पीटर्स यांनी 'डाएट अँड हेल्थ, विथ की टू द कॅलरीज' हे पुस्तक काढलं. 'कॅलरी' हा शब्द इतका नवा होता की तो उच्चारायचा कसा हेही बाईंना पुस्तकात सांगावं लागलं. म्हणाल्या, यापुढे पावाचा तुकडा म्हणायचं नाही, १०० कॅलरी पाव म्हणायचं. पहिलं महायुद्ध चालू होतं, धान्य वाचवणं ही देशभक्ती होती, त्यामुळे जाड लोकांनी कमी खाणं म्हणजे देशसेवा असं त्यांनी बेधडक मांडलं. पुस्तक लाखोंनी खपलं. आजही इन्स्टाग्रामवर फिरणारा '१,२०० कॅलरी' हा मंत्र तुम्हाला त्या पुस्तकात सापडतो. शंभर वर्षांहून जुना आहे तो, आणि कोणासाठी, किती उंचीच्या, किती व्यायाम करणाऱ्या बाईसाठी, हे न विचारताच फिरतोय.

यानंतरचा प्रयोग मात्र नीट ऐका. खाणं कमी आणि व्यायाम चालू, हे दोन्ही एकत्र केल्यावर शरीर काय करतं, याचा इतका तपशीलवार अभ्यास दुसरा क्वचितच सापडेल.

नोव्हेंबर १९४४, मिनेसोटा विद्यापीठ. दुसरं महायुद्ध संपत आलेलं. युरोपात लाखो लोक उपाशी होते, त्यांना पुन्हा खायला कसं घालायचं हे शोधायचं होतं. अ‍ॅन्सेल कीज या शास्त्रज्ञाने ३६ तरुण निवडले. हे सगळे तत्त्व म्हणून बंदूक हातात घ्यायला नकार दिलेले लोक होते, आणि स्वतःहून पुढे आलेले. फुटबॉल स्टेडियमच्या खालच्या खोल्यांमध्ये त्यांची राहायची सोय केली. पहिले १२ आठवडे पोटभर, रोज साधारण ३,२०० कॅलरी. पुढचे २४ आठवडे साधारण १,५७०. बटाटे, सलगम, पाव, मॅकरोनी. आणि आठवड्याला २२ मैल, म्हणजे ३५ किलोमीटर चालणं सक्तीचं.

१,५७० हा आकडा पुन्हा वाचा. आज कित्येक अ‍ॅप तरुण पुरुषांना याहून कमी आकडा हसतहसत देतात.

काय झालं? सरासरी ६९ किलोची माणसं ५३ किलोंच्या आसपास आली. म्हणजे वजनाचा सुमारे चौथा हिस्सा गेला. हिशोबाप्रमाणे वजन उतरलं खरं, पण शरीर गप्प बसलं नव्हतं. बसल्याजागी जळणाऱ्या कॅलरी जवळपास ४० टक्क्यांनी घसरल्या. यातलं काही साहजिक आहे, शरीर लहान झालं की खर्च कमी. पण घसरण त्याहून जास्त होती. हृदयाचे ठोके मंदावले. उन्हाळ्यातही थंडी वाजायची. जिना चढायचं जिवावर यायचं. लैंगिक इच्छा संपली. मुलं ताटं चाटायला लागली, पाककृतींची पुस्तकं जमवायला लागली, दिवसभर डोक्यात फक्त खाणं. चिडचिड, उदासी. सगळे मूळचे शांत स्वभावाचे होते, हे विसरू नका. आणि खाणं परत सुरू झाल्यावर वजन भरलं ते आधी चरबीनं, स्नायू मागून हळूहळू आले.

कीजने हे १९५० मध्ये दोन जाडजूड खंडांत छापलं. पण डाएटच्या जगाने उचलला तो दुसराच, सुटसुटीत नियम. १९५८ मध्ये मॅक्स विश्नॉफ्स्की या अमेरिकन डॉक्टरने हिशोब मांडला: एक पौंड वजन म्हणजे ३,५०० कॅलरी. किलोत सांगायचं तर ७,७००. एक किलो अंगावरच्या चरबीत साठवलेली ऊर्जा म्हणून हा आकडा वाईट नाही. घोटाळा होतो तो पुढे ताणल्यावर. रोज २४० कॅलरी कमी खाल्ल्या तर वर्षात साडेअकरा किलो, दोन वर्षांत तेवीस, आणि असंच चालू ठेवलं तर माणूस अदृश्य! शरीर लहान होत जातं तसा त्याचा खर्चही कमी होतो, हे या नियमात नाहीच. २०११ मध्ये केव्हिन हॉल यांच्या गटाने हे दुरुस्त करणारं गणित मांडलं. ढोबळ मानाने रोजच्या २४ कॅलरी कायमच्या कमी केल्या तर शेवटी एक किलो उतरतो, आणि त्यातला निम्मा उतरायलाच वर्ष लागतं. म्हणजे त्याच २४० कॅलरींनी पहिल्या वर्षात पाचेक किलो, आणि पुढच्या दोनेक वर्षांत जवळजवळ दहापर्यंत. साडेअकरा नाही. सहाव्या महिन्यात काटा हलेना म्हणून स्वतःला आळशी म्हणणाऱ्या प्रत्येकाने हे वाचावं.

इथपर्यंत सगळं युरोप-अमेरिकेत चाललं होतं. पण 'माणसाला कॅलरी लागतात किती' या प्रश्नावरचा एक मूलभूत वाद झाला आपल्या पुण्यात. आणि तो वजन उतरवण्याबद्दल नव्हता, भुकेबद्दल होता.

१९७१. गोखले इन्स्टिट्यूटचे वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांचा 'पॉव्हर्टी इन इंडिया' हा अभ्यास आला. त्यांनी माणशी रोज २,२५० कॅलरी ही किमान गरज धरली आणि तेवढं अन्न विकत घ्यायला किती खर्च करावा लागतो ते बघितलं. उत्तर हादरवणारं होतं. १९६०-६१ च्या आकडेवारीवरून ग्रामीण भागातले सुमारे ४० टक्के आणि शहरातले सुमारे ५० टक्के लोक त्या रेषेच्या खाली. पुढे १९७९ मध्ये नियोजन आयोगाच्या गटाने रेषा ठरवली, ती ग्रामीण भागाला २,४०० आणि शहरी भागाला २,१०० कॅलरींवर आधारलेली.

त्याच काळात पुण्यात परतले होते पां. वा. सुखात्मे. मूळचे सातारा जिल्ह्यातल्या बुधचे. फर्ग्युसन, मग लंडन, आणि १९५१ पासून वीसेक वर्षं संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत संख्याशास्त्राचे प्रमुख. जगात किती लोक उपाशी आहेत हे मोजण्याची पद्धतच ज्यांनी घडवली, त्यातले हे एक. आणि त्यांनीच विचारलं: ही २,२५० किंवा २,४०० म्हणजे नक्की कोणाची गरज?

त्यांचं म्हणणं असं. सरासरी ही गटाची असते. एकाच वयाचे, एकाच वजनाचे, एकच काम करणारे दहा लोक घ्या, प्रत्येकाची गरज वेगळी निघेल. एवढंच नाही. एकच माणूस घ्या, त्याचं वजन स्थिर आहे, कामही तेच आहे, तरी तो आज एक खातो, उद्या वेगळं, आणि आठवड्याची सरासरी काढली तरी ती या आठवड्याला आणि पुढच्या आठवड्याला सारखी येत नाही. आजचं खाणं कालच्याशी जोडलेलं असतं. शरीर रोज रात्री बारा वाजता खातेवही बंद करत नाही. ते एका पट्ट्याच्या आत स्वतःला सांभाळून घेतं. मग सरासरीच्या एक कॅलरी खाली आला म्हणून कोणाला उपाशी कसं म्हणायचं? उपाशी कोण? जो त्या पट्ट्याच्याच खाली गेला तो. अमेरिकेतल्या शेल्डन मार्गन यांच्याबरोबर त्यांनी १९८२ मध्ये हे शास्त्रीय नियतकालिकातही मांडलं.

दांडेकरांना हे पटलं नाही. १९८१ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त दोघे आमनेसामने आले. पणाला काय लागलं होतं ते लक्षात घ्या. रेषा खाली सरकवली की कोट्यवधी माणसं कागदावर एका रात्रीत 'उपाशी नाहीत' या रकान्यात जातात. पोषणतज्ज्ञ डॉ. सी. गोपालन यांनी तर याच काळात असल्या सगळ्या विचारांवर कडाडून टीका केली. शरीर जुळवून घेतं हे खरं, पण फुकट घेत नाही. कमी खाणारा माणूस कमी हलतो, कमी काम करतो, त्याचं मूल कमी खेळतं, कमी वाढतं. तो 'जुळला' म्हणून ठीक आहे, असं म्हणणं ही गरिबाची क्रूर थट्टा आहे, असा त्यांचा सूर होता.

मला विचाराल तर धोरणाच्या बाबतीत मी दांडेकर-गोपालन यांच्या बाजूचा. सरकारने रेशन ठरवताना हात सैल ठेवलेला बरा. पण फोनमधल्या आकड्याच्या बाबतीत सुखात्म्यांचा मुद्दा बिनतोड आहे. २,०३१ हा एक बिंदू नाही, तो एक रुंद पट्टा आहे, आणि त्या पट्ट्यात तुम्ही कुठे आहात हे अ‍ॅपला माहीतच नाही. आणि मिनेसोटातली ती ३६ पोरं गोपालन यांच्याच बाजूने साक्ष देतात. शरीर कमी खाण्याशी जुळवून घेतं, आणि वसुली दुसरीकडून करतं.

आता व्यायामाकडे. पेटीत कोंडून माणूस मोजायचा तर तो आपलं रोजचं आयुष्य जगत नाही. लोकल पकडत नाही, लग्नात नाचत नाही. यावर उपाय निघाला तोही मिनेसोटातच. नेथन लिफ्सन यांनी १९५५ मध्ये उंदरांवर दाखवलं की जरा वेगळे, जड अणू घातलेलं पाणी पाजलं, आणि ते शरीरातून कसं बाहेर पडतं हे मोजलं, तर कित्येक दिवसांचा एकूण खर्च कळतो. माणसावर हे प्रथम झालं १९८२ मध्ये, डेल शॉलर यांच्याकडून. लघवीचा नमुना द्या आणि आपापल्या कामाला जा!

या तंत्राने हर्मन पाँट्झर यांच्या गटाने टांझानियातल्या हाड्झा लोकांना मोजलं. हे शिकार करून, कंदमुळं खणून जगणारे. पुरुष रोज अकराएक किलोमीटर चालतात. २०१२ मध्ये निकाल आला: शरीराचा आकार लक्षात घेतला तर त्यांचा दिवसाचा एकूण खर्च अमेरिका-युरोपातल्या खुर्चीतल्या माणसाइतकाच! व्यायाम वाढला की शरीर दुसरीकडे काटकसर करतं. ही काटकसर नक्की किती, यावर शास्त्रज्ञांचं अजून भांडण चालू आहे. २०२१ मध्ये १,७५४ जणांच्या मोजमापांवरून आलेला अंदाज असा की व्यायामात जाळलेल्या शंभर कॅलरींपैकी सरासरी ७२ च दिवसाच्या एकूण खर्चात दिसतात. उरलेल्या २८ शरीर इकडून तिकडून वाचवतं.

याचा अर्थ व्यायाम फुकट गेला असा काढू नका. वजन उतरताना स्नायू राखणं, उतरलेलं वजन तिथे टिकवणं, साखर, झोप, मूड, सगळ्यात त्याचा हात आहे. अर्थ एवढाच की ट्रेडमिलच्या पडद्यावरचा आकडा म्हणजे वडापावचं कूपन नव्हे. घड्याळाचं तर विचारू नका. २०१७ मध्ये स्टॅनफर्डमध्ये सात प्रकारची मनगटी यंत्रं ६० जणांवर तपासली. हृदयाचे ठोके बहुतेकांनी छान मोजले. कॅलरीत मात्र सगळ्यात चांगलं यंत्रसुद्धा सरासरी २७ टक्के चुकलं, आणि सगळ्यात वाईट ९३ टक्के.

मग आपल्या मुलीने काय करावं? तिच्या १,३१० ला अ‍ॅपने गुणलं १.५५ ने, कारण तिने 'मध्यम' दाबलं. 'हलका व्यायाम' दाबलं असतं तर १.३७५ ने गुणलं असतं, आणि उत्तर आलं असतं १,८०१. बोट एक बटण खाली सरकलं, २३० कॅलरी गेल्या. दिवसाचे आठ-नऊ तास लॅपटॉपसमोर बसून तासभर व्यायाम करणाऱ्याने सुरुवातीला खालचं बटण दाबलेलं बरं. आणि एकदा त्या गुणाकारात व्यायाम धरला की घड्याळातल्या '३५० जळल्या' पुन्हा मिळवायच्या नाहीत. एकाच व्यायामाचा दोनदा पगार घेण्यासारखं आहे ते.

तर १,८०१ मधून तीनशे वजा, १,५०० पासून सुरुवात. पहिला आठवडा सोडून द्या, त्यात बरंचसं पाणीच उतरतं. पुढचे तीन आठवडे जे खाल ते प्रामाणिकपणे लिहा, तेलासकट. रोज सकाळी वजन करा, पण बघा फक्त आठवड्याची सरासरी. मुलींनी पाळीच्या चक्रातला तोच आठवडा पुढच्या महिन्यातल्या त्याच आठवड्याशी ताडावा, कारण मधे पाण्याने वजन एक-दोन किलो सहज वरखाली होतं.

आता गंमत बघा. समजा तीन आठवड्यांत सरासरी ०.९ किलो उतरलं. गुणिले ७,७००, म्हणजे ६,९३०. भागिले २१ दिवस, रोजची तूट ३३०. ती खात होती १,५००. म्हणजे तिचा खरा खर्च १,८३० च्या आसपास. हा आकडा बॉस्टनचा नाही, इटलीचा नाही, तिचा स्वतःचा आहे. विश्नॉफ्स्कीचा नियम दोन वर्षांसाठी कुचकामी, पण तीन आठवड्यांसाठी चालतो. वजन हललंच नाही तर शंभर-दीडशे कमी करा आणि पुन्हा तीन आठवडे थांबा. पाच-सहा किलो उतरले की हिशोब नव्याने मांडा, कारण आता शरीर लहान झालंय.

आणि काही खुणा काट्याच्या आधी बघायच्या. पाळी लांबणं किंवा थांबणं, सतत थंडी वाजणं, व्यायामात ताकद घसरत जाणं, डोक्यात दिवसभर खाण्याचेच विचार. हे दिसलं की कमी नाही, जास्त खायचं, आणि डॉक्टरांना दाखवायचं. 'आठवड्याला एक किलो'चं बटण दाबलं तर अ‍ॅप रोज ११०० कॅलरी वजा करतं. आपल्या मुलीच्या १,८०१ मधून ११०० गेल्या तर उरतात ७०१. मिनेसोटातल्या पोरांना याच्या दुपटीहून जास्त मिळत होतं. मधुमेहाची औषधं चालू असतील, गरोदर असाल, बाळाला पाजत असाल, वय अठराच्या आत असेल, किंवा खाण्याशी आधीच कधी भांडण झालं असेल, तर हा सगळा हिशोब डॉक्टरांबरोबर बसूनच.

प्रोटीनचा विषय मुद्दाम टाळलाय. तो पुढच्या भागात, आणि तिथेही सुखात्मे आहेतच. भेटू.